‘नंतर’ची जागा

घड्याळजींचं एक ठाम मत होतं, आणि ऐकायला कुणी सापडलं की ते त्याला सोडत नसत.

"हा पेचकस मी चाळीस वर्षं वापरतोय," ते म्हणत. "एखाद्या सकाळी उठून बघावं आणि त्याची मूठ टोकाकडे गेलेली असावी, असं एकदा तरी झालंय? ‘तुमचं स्वागत आहे, माझ्यात काय नवीन आहे ते पाहा’ असं तो कधी म्हणालाय? हत्यार म्हणजे काय, तर ठेवलं तिथे सापडतं ते. संगणक हे हत्यार नव्हेच. तो पाहुणा आहे. येतो, घरातलं सामान हलवतो, आणि वर आपल्यालाच विचारतो, तुमचा अनुभव कसा होता म्हणून!"

घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांनी बंद केलं होतं, पण जुनी गिऱ्हाइकं घरी येत. खिडकीशी त्यांचं कामाचं टेबल होतं, त्यावर पांढरं फडकं अंथरलेलं, आणि फडक्यावर कुणाचं ना कुणाचं उघडलेलं घड्याळ. काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने मांडायचा आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. कानाला मशीन लागल्यापासून टिकटिक नीट ऐकू येईनाशी झाली होती. तेव्हा ते घड्याळ बोटांत धरून तिची धडधड अजमावत.

संगणक मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि तो बाईंचा होता.

बाई म्हणजे त्यांची बायको. तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची आणि चारचौघांत घड्याळजीही बाईच म्हणत. सहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी जायला लागली आणि वर्षभरात पूर्ण गेली. तेव्हापासून त्या दोन खोल्यांत एकही वस्तू जागची हलली नव्हती. कप उजव्या हाताला, खुर्ची भिंतीपासून दोन पावलांवर, चपला दाराच्या डाव्या कोपऱ्यात. येणाऱ्याजाणाऱ्याने खुर्ची सरकवली की तो उठायच्या आत घड्याळजी ती पुन्हा जागेवर नेऊन ठेवत. एकदा तर माणूस बसलेला असतानाच त्यांनी खुर्ची ओढायला घेतली होती.

दर गुरुवारी चार वाजता बाई आपल्या धाकट्या बहिणीला पत्र लिहीत. बहीण लांब राहायची. फोन होताच, पण दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेलं भिंतीसुद्धा ऐकतात. पत्राचं तसं नव्हतं. संगणकातून एक बाई बोलायची, पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवायची. घड्याळजी तिला ‘ती बया’ म्हणत. पण बाईंना तिचं बोलणं संपेपर्यंत थांबायचा धीर नसे. त्या मोजत. टॅबची कळ सहा वेळा, की नवीन पत्र. पत्र लिहून झालं की चार वेळा, आणि एंटर. गेलं पत्र! गाणं वाजवणाऱ्याची बोटं जातात तशी त्यांची बोटं जात.

बया मोठ्याने वाचायची आणि बाईंना कानात काही घालून बसणं आवडायचं नाही. घरातले आवाज बंद झाले की त्यांना घर हरवल्यासारखं व्हायचं. म्हणून गुरुवारी चार ते साडेपाच घड्याळजी बाहेर जात. बाहेर त्यांना काही काम नसे. चौकापर्यंत जायचं, बाकावर बसायचं, दुकानांतली चुकीची घड्याळं बघून चरफडायचं आणि परत यायचं. पाच वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं की बहिणीला काय लिहिलंस.

आता त्या चौकटीबद्दल सांगायला हवं. गेली दोन वर्षं जवळजवळ रोज सकाळी पडद्यावर एक चौकट यायची. नवी आवृत्ती तयार आहे. डावीकडे ‘आत्ता’, उजवीकडे ‘नंतर’. भाच्याने फोनवर कितीदा सांगितलं, "मामा, घेऊन टाका ना. नवीन जास्त सोपं आहे."

"कोणासाठी?" घड्याळजी विचारत.

बाईंची सगळी मोजणी जुन्या पडद्यावर उभी होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी ते संगणक सुरू करत, चौकट यायची वाट बघत, ‘नंतर’ दाबत आणि मग चहा टाकत. दाराशी आलेल्या विक्रेत्याला वाटेला लावावं तसं त्या चौकटीला रोज वाटेला लावणं हे त्यांनी आपलं काम मानलं होतं.

त्या मंगळवारी ते सकाळीच एका बायकी घड्याळात गुंतले होते. डोळ्याला भिंग तसंच लावलेलं. उठले, संगणकाशी गेले, चौकट आली. वाचायचं काय त्यात? हाताला जागा माहीत होती. उजवीकडचं बटण दाबलं. आणि नेमकी त्याच दिवशी त्या दीडशहाण्यांनी दोन्ही बटणांची अदलाबदल केली होती.

"मेलो!" घड्याळजी म्हणाले.

पडदा निळा झाला. कृपया संगणक बंद करू नका. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गाडी पंचवीस मिनिटं अडून बसली. स्वयंपाकघरातून बाईंनी विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. संगणक नवीन काहीतरी घेतोय. आपोआप."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा ते इतकं लहान असतं की त्यालाही वाटतं, हे कुठे खोटं आहे! पडदा परत आला तेव्हा रंग तेच होते, चित्रं साधारण तीच होती. घड्याळजींनी निःश्वास सोडला आणि मनाची समजूत घातली की निभावलं.

गुरुवारी साडेपाचला ते परत आले तेव्हा बाई संगणकासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"झालं पत्र?"

"झालं होतं," बाई म्हणाल्या. "सुरुवातीलाच तुमची ती बया स्वागत आहे, स्वागत आहे करत होती. कसंबसं नवीन पत्र शोधलं. मग तासभर लिहिलं. शेवटी हाताने आपलं चार वेळा आणि एंटर केलं. तर ती म्हणाली, मसुदा काढून टाकला."

जिथे ‘पाठवा’ होतं तिथे आता ‘काढून टाका’ होतं. घड्याळजींनी भाच्याला फोन लावला. टाकलेला मसुदा परत येतो का? नाही. जुनी आवृत्ती परत येते का? तीही नाही, मामा.

"तू सांग, मी लिहितो," घड्याळजी म्हणाले. "आत्ता बसू. एका शब्दाचा फरक करणार नाही."

"नको."

"अगं, पण..."

"अहो, सकाळी उठल्यापासून माझं सगळं तुमच्या हातून जातं. कपडे तुम्ही काढून ठेवता, ताटात काय कुठे आहे ते तुम्ही सांगता, औषधाच्या गोळ्या तुम्ही मोजता. तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं असंही नाही. पण एवढी एक गोष्ट माझी होती. तुम्ही लिहिलंत तर ते तुमचं पत्र होईल." त्या उठल्या, भिंतीपासून दोन पावलं मोजून वळल्या. "राहू दे आता. नाही लिहायचं. तिला काय, फोन करत जाईन."

त्या रागावल्या असत्या तर घड्याळजींना बरं वाटलं असतं. पण त्यांनी नुसतं ‘राहू दे’ म्हटलं होतं, आणि ते ‘राहू दे’ त्यांच्या छातीत जाऊन बसलं. घरातली एकेक वस्तू पाच वर्षं जागेवर राखली आणि जिच्या जागेला खरा अर्थ होता तीच स्वतःच्या हाताने हलवली. वर सांगितलं काय, तर आपोआप.

गुरुवार सोडून रोज पाच वाजता शेजारीण बाईंना बागेत फिरायला न्यायची. शुक्रवारी त्या दोघी जिना उतरल्या आणि घड्याळजींनी टेबलावरचं घड्याळ जुळवून बाजूला ठेवलं, पांढरं फडकं उचललं, झटकलं, आणि संगणकाच्या पडद्यावर टाकलं. बघून शिकण्यात अर्थ नव्हता. बाईंना जे हाताने आणि कानाने सापडायला हवं, ते आपल्यालाही तसंच सापडायला हवं. त्यांनी कानाचं मशीन चाचपून घट्ट केलं, बयेचा आवाज चढवला आणि टॅब दाबायला सुरुवात केली.

न समजणारं घड्याळ उघडताना ते करत तसंच त्यांनी केलं. एक भाग काढायचा, कागदावर त्याची जागा लिहायची, मगच पुढचा. टॅब एक, ‘काय नवीन आहे ते पाहा’. टॅब दोन, ‘पुन्हा आठवण करून द्या’. टॅब तीन, ‘आमच्याविषयी मत नोंदवा’. मत तर त्यांच्याकडे भरपूर होतं, पण ते लिहायला ती चौकट पुरली नसती. नवव्या टॅबला नवीन पत्र सापडलं. पत्रानंतर चौथ्याला ते मेलं ‘काढून टाका’ आणि सातव्याला ‘पाठवा’. पण दुसऱ्यांदा मोजलं तर सातव्याला भलतंच आलं, आणि सगळं मुळापासून. शनिवारी कळलं की पत्र रिकामं असलं तर मोजणी एकाने बदलते. रविवारी कळलं की स्वागताची पाटी एस्केपने कायमची जात नाही, तिच्या पोटातली एक बारीक खूण काढावी लागते. ती काढायला सोमवार गेला. स्वागत कायमचं बंद झालं तेव्हा घड्याळजी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ बसून हसले.

चाचणीची पत्रं ते भाच्याला पाठवत होते. भाच्याचा फोन आला. "मामा, तुमची एकोणीस पत्रं आलीत. प्रत्येकात नुसतं ‘अ’ लिहिलंय. बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. अजून पंचवीस येतील. उत्तर देऊ नकोस, घोटाळा होतो."

बुधवारी त्यांनी डोळे मिटून, फडकं टाकून, न अडखळता लागोपाठ दहा पत्रं पाठवली. दहाही पोचली.

गुरुवारी चार वाजता बाई नुसत्या खिडकीशी बसल्या होत्या. घड्याळजी त्यांच्यासमोर उभे राहिले, वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलासारखे.

"नवीन पत्र आता नऊवर आहे. लिहून झालं की सात आणि एंटर. चार नाही, सात. स्वागत बंद केलंय, ते पुन्हा येणार नाही. मी पडद्यावर फडकं टाकून मोजलंय. चव्वेचाळीस वेळा."

बाईंची बोटं मांडीवर हलली. नऊ. सात. गणिताच्या बाईंना आकडा दोनदा सांगावा लागत नसे.

"आणि आणखी एक," घड्याळजी म्हणाले. "ते आपोआप नव्हतं झालं. मी दाबलं. न बघता दाबलं. जागा बदलली होती आणि माझा हात जुन्याच जागी गेला. तुझं पत्र माझ्यामुळे गेलं."

"मला माहीत होतं."

"कसं?"

"तुम्ही ‘मेलो’ म्हणालात ना. आपोआप झालेल्या गोष्टीला कुणी ‘मेलो’ म्हणतं का?" बाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. "मी आठवडाभर वाट बघत होते, कधी सांगताय म्हणून. आणि न बघता जागेवर हात जाण्याचं म्हणाल तर, ते मला तुम्ही काय समजावून सांगणार?"

घड्याळजींना हसू आलं आणि डोळेही भरले. बाई उठल्या, संगणकाशी जाऊन बसल्या. घड्याळजींनी सवयीने चपला शोधल्या.

"आज बाहेर जाऊ नका," बाई म्हणाल्या. "पहिलीच वेळ आहे. मोजणी चुकली तर कुणीतरी असावं."

"पण ती बया मोठ्याने वाचते. मला ऐकू येईल."

बाईंचे हात कळांवर नुसते टेकून राहिले, आणि घड्याळजींना दिसलं की हे पत्र आत्ता, याच क्षणी, पुन्हा हातातून निसटतंय.

त्यांनी कानाचं मशीन काढलं. एकदम सगळं शांत झालं. रस्ता गेला, पंखा गेला. त्यांनी बाईंचा डावा तळवा उघडला, मशीन त्यात ठेवलं आणि एकेक बोट मिटवून दिलं. मग स्वतःची खुर्ची फिरवून, पाठ पडद्याकडे आणि तोंड बाईंकडे करून ते बसले.

बाईंनी ते इवलंसं यंत्र थोडा वेळ मुठीत धरून ठेवलं. मग कळांच्या शेजारी, हाताला लागेल असं, ठेवलं आणि लिहायला लागल्या.

पाच वर्षांत घड्याळजींनी त्यांना पत्र लिहिताना पाहिलं नव्हतं. त्या लिहिताना भुवया उंचावत. मध्येच हसत. एकदा बराच वेळ थांबल्या आणि पदराने नाक पुसलं. ऐकू काहीच येत नव्हतं आणि घड्याळजींना ते पुरेसं होतं. शेवटी बाईंचे ओठ हलू लागले, आणि ते श्वास रोखून ओठांबरोबर मोजत राहिले. पाच. सहा. सात. एंटर.

बाईंचा चेहरा उजळला. पत्र गेलं होतं.

मग त्या त्यांच्या दिशेने वळल्या आणि काहीतरी बोलल्या. ‘पाठवलं’ एवढंच असतं तर एक शब्द झाला असता. हे लांब होतं. दोन, कदाचित तीन वाक्यं. बोलताना त्यांचा हात कळांशेजारी त्या यंत्रावर होता, म्हणजे समोरच्याला ऐकू येत नाहीये हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. सांगून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि यंत्र घड्याळजींच्या तळव्यात ठेवलं.

घड्याळजींनी ते घाईघाईने कानात बसवलं. पंखा परत आला, रस्ता परत आला.

"काय म्हणालीस?"

"नंतर सांगेन," बाई म्हणाल्या.

घड्याळजी चहा टाकायला उठले.