मुख्य नावाची रिकामटेकडी

मी सूची बोलतेय, बरं का. तुम्ही मला इंडेक्स म्हणता. एका रुग्णालयाच्या संगणकात माझा मुक्काम. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी कुठली गोष्ट कुठल्या पानावर ते सांगणारी पानं असतात ना, मी त्याच जातीची. आडनाव सांगा, माणूस दाखवते. म्हणून माझं नाव ठेवलं 'मुख्य'.

सुरुवातीला मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग प्रत्येकाला केस नंबर मिळाला आणि आडनाव कुणी विचारेना. तरी मी जागच्या जागी. 'मुख्य'ला हलवायची छाती कुणाची?

पुढे जो जो साहेब आला, त्यानं त्यानं आपापली नवी सूची आणून बसवली. जुनी मात्र कुणी उठवली नाही. एक रुग्ण दाखल झाला, की लग्नाचं आमंत्रण करावं तसं आम्हा सगळ्यांच्या दारी जाऊन सांगावं लागे. त्या पायपिटीत दुपारचा घाणा रखडायचा. घाणा म्हणजे सगळ्यांचे तपासणीचे रिपोर्ट एकदम जुळवून वॉर्डात धाडायचे. ही मंडळी त्याला बॅच म्हणतात.

"नवी डिस्क घ्या," साहेब म्हणाले.

संगणक सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, आधी घर आवरू. अडगळ काढली की जागाच जागा."

"मग ती 'तात्पुरती' नावाची सूची काढा."

"अहो, पण कोण कामाची आहे ते बघू तरी!"

"नावच सांगतंय की! आणि 'मुख्य'ला हात लावायचा नाही."

ही तात्पुरती केस नंबरवरून माणूस शोधायची. बाईंच्या आधीच्या गड्यानं तिला घाईत केली आणि नाव बदलायचं राहून गेलं ते गेलंच. सगळा घाणा बिचारीच्या जिवावर. तिलाच पुसली!

दुपारी घाणा बसला. एकेका रिपोर्टासाठी संगणक सगळ्या नोंदी उलथ्यापालथ्या करू लागला. तेवढ्यात साहेबांच्या बायकोचा फोन.

"आईचं ऑपरेशन अडलंय! रक्ताचा रिपोर्ट कुठाय?"

"अगं, आवराआवर चाललीय."

"सकाळपासून उपाशी आहे ती! म्हणतेय, जावईबापूंना सांग, मी आता बिस्किटं खाते."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई विचारायला थांबल्याच नाहीत. त्यांनी तात्पुरतीला पुन्हा उभी केली आणि रिपोर्ट सरसर निघाले. सासूबाई बिस्किटांविना ऑपरेशनला गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बैठक घेतली. चूक नावाची होती, असं ठरलं. तात्पुरतीचं नाव आता 'मुख्य नवी'. टाळ्या वाजल्या. मी तिच्या कानात म्हटलं, पोरी, उद्या केस नंबरही जातील, तू मात्र माझ्याशेजारी बसून राहशील!

अजूनही नवा रुग्ण आला की माझ्या कानी सांगतात. मी मान डोलावते. त्याला शोधायला माझ्याकडे कुणी येत नाही.

सासूबाई बऱ्या होऊन घरी गेल्या. बाई, साहेब रजेवर गेले की माझंही बघा. मला डिस्चार्ज कधी देताय?