दुखरी गादी कोणती?

दुधनीच्या राजाबाईंच्या मणक्यांमधल्या तीन गाद्या एमआरआयमध्ये झिजलेल्या दिसत होत्या, पण दुखते कोणती हे फोटो सांगेना. म्हणून डॉक्टर कोरे एकेका गादीत सुईने औषध सोडून, ती मुद्दाम दुखवून विचारत होते, "रोजचं दुखणं हेच का?"

"व्हय, सायेब."

तिन्ही वेळा तेच! वैतागून त्यांनी औषध न सोडताच विचारलं.

"व्हय की!"

"अहो आजी, आत्ता मी काहीच केलं नाही!" डॉक्टर खेकसले.

पालथ्या पडलेल्या राजाबाई ओशाळल्या. "एवढ्या मायेनं इचारताय, तोंडावर न्हाय कसं म्हनायचं?"

हातमोज्यांमुळे डॉक्टरांना कपाळावर हातही मारून घेता येईना.

"मग खरं दुखतंय तरी कुठं?"

"तुमी म्हनाल तितं, सायेब."