अहवालाबाहेरचे मंगळवार

सोराइदाने नऊ कागद टेबलावर एका ओळीत मांडले आणि लाल पेन्सिलीने प्रत्येकातलं शेवटचं वाक्य अधोरेखित केलं. गेले नऊ मंगळवार, नऊ भेटी, आणि शेवट जवळजवळ एकच : तोमासाबाईंना हलकं वाटलं. मधला मजकूर मात्र बदलत होता, आणि तोच तिला जास्त खटकत होता. गुरुवारच्या बैठकीत तिने जे सुचवलं, ते पुढच्या मंगळवारी तसंच्या तसं पार पडलेलं होतं. श्वासाचा व्यायाम सांगितला, व्यायाम झाला. गेलेल्या नवऱ्याला पत्र लिहून घे म्हटलं, पत्र झालं.

उतुआदो या डोंगरी गावाच्या आरोग्य केंद्रात सोराइदा सव्वीस वर्षं काम करत होती. नव्या समाजसेविकांना रुग्णांच्या मनाशी कसं बोलावं हे शिकवणं आणि त्यांच्या अहवालांवर सही करणं, हे त्यातलं निम्मं काम. दुःखात बुडालेलं माणूस असं सांगितल्याबरहुकूम सावरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते दोन पावलं पुढे येतं, मग दार लावून घेतं.

हे अहवाल लिहिणारी तिची शिकाऊ समाजसेविका, नाहिर, डोंगरावर तोमासाबाईंकडे जातच नसेल, असं तिला पहिल्यांदा वाटलं ते त्या सकाळी. मग एकेक गोष्ट जुळायला लागली. मंगळवारी पोरगी दोन-अडीचशिवाय परतत नसे. भेट तर तासाभराची. मागच्याच आठवड्यात स्वागतकक्षातली वांदा, जी इतरांसारखीच तिला 'मिसी' म्हणजे शिक्षिकाबाई म्हणे, हसत म्हणाली होती,

"मिसी, तुमची नाहिर मंगळवारी शेतीच्या दुकानात दिसली. फावडं निवडत होती, जणू साखरपुड्याची अंगठीच."

तेव्हा सोराइदा हसली होती. आता तिने ते वाक्य मनात पुन्हा उलटंसुलटं करून पाहिलं.

यामागे जुनी जखम होती. चौदा वर्षांपूर्वी तिच्या हाताखालच्या एका मुलाने रुग्णाच्या घरी न जाताच भेटी लिहिल्या होत्या. त्या घरातल्या म्हाताऱ्याने जेवण सोडलं होतं आणि ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या सगळ्या कागदांवर दुसरी सही सोराइदाची होती. आणि तोमासाबाईही जेवत नव्हती. वादळात डोंगराचा कडा खाली आला, त्यात तिचं घर आणि नवरा सेनोन दोन्ही गेले. तेव्हापासून ती भावाच्या गॅरेजमध्ये राहत होती आणि दिवसाकाठी फक्त कॉफी घेत होती. भाचीने रडत रडत केंद्राला फोन केला होता.

गुरुवारी नाहिर आली. पंचवीस वर्षांची, वही नेहमी छातीशी धरणारी. प्रशिक्षणाचा तिचा आठवा महिना चालला होता, पण अजूनही ती खुर्चीच्या काठावरच बसे. सोराइदाने सहज विचारल्यासारखं करून तोमासाबाईंची चौकशी केली. कशा आहेत, बोलतात का, आणि मग,

"त्या बसतात ती खुर्ची कसली आहे गं?"

"त्या बसत नाहीत," नाहिर म्हणाली आणि लगेच थांबली. "म्हणजे, कधी बसतात. प्लास्टिकची आहे. पांढरी."

अहवालात लिहिलं होतं : समोरासमोर बसून चाळीस मिनिटं संवाद. सोराइदाने मान डोलावली आणि सवयीने पुढच्या मंगळवारसाठी चार गोष्टी सांगितल्या. नाहिरने त्या खाली मान घालून क्रमांक देऊन उतरवून घेतल्या. पोरगी इतकी निमूटपणे लिहीत होती की सोराइदाला तिचा रागच आला.

पुढच्या मंगळवारी दहाला तिने गाडी काढली. शाळेच्या वरच्या वळणावर, आंब्याच्या झाडाआड ती थांबली. दहा वाजून वीस मिनिटांनी नाहिरची निळी गाडी चढ चढून गेली. म्हणजे जाते तर खरी. सोराइदाला हायसं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. जाते, तर मग तिथे करते काय? म्हातारीकडून काही काम करून घेते, की तिला भलत्याच कसल्या नादी लावते? स्टिअरिंगवर हात ठेवून ती थोडा वेळ बसून राहिली. आपल्याच विद्यार्थिनीवर झाडाआडून पाळत ठेवतोय, याची तिला लाज वाटली आणि ती परत फिरली.

बुधवारी मात्र ती सरळ वर गेली. गॅरेजचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. तोमासाबाई मागच्या उतारावर सापडली, जिथे पूर्वी तिचं घर होतं. आता तिथे तांबड्या मातीचा नुसता पट्टा उरला होता आणि त्यावर मुनव्यांच्या, केळीच्या कोवळ्या रोपांच्या, तीन रांगा. पुरुषी टोपी घातलेली ती ठेंगणी बाई कुदळीवर हात टेकून उभी राहिली आणि आलेल्या बाईला तिने नखशिखान्त न्याहाळलं.

सोराइदाने आपण कोण ते सांगितलं.

"पोरीला काढून टाकायला आलात?"

"नाही. तुमची विचारपूस करायला आले."

"विचारपूस करणारी आहे मला."

सोराइदा मातीतच एका दगडावर बसली. थोड्या वेळाने तिने पत्राचं विचारलं. सेनोनना जे लिहिलंत, ते लिहिल्यावर बरं वाटलं का?

तोमासाबाईने टोपी मागे सारली.

"बाई, मला लिहिता कुठे येतं? सही करायची तर अंगठा लावते मी."

नऊ कागदांपैकी निदान एक तरी उघड उघड खोटा होता. सोराइदाने आवाज शक्य तितका साधा ठेवला आणि विचारलं, मंगळवारी तुम्ही दोघी करता तरी काय?

म्हातारीने आधी कुदळ खाली ठेवली. मग तिने सांगितलं की पहिल्या दोन वेळा पोरगी कागद घेऊन आली होती. दुःख अंगात नेमकं कुठे दुखतं, असं विचारत होती. "मी आत गेले आणि दार लावून घेतलं. पायरीवर बसून राहिली बिचारी." तिसऱ्या वेळी कागद नव्हता. तिने एवढंच विचारलं की ही जमीन मोकळी पडलीय, तुम्ही इथे काय लावलं असतं? "मी म्हटलं, केळी. पुढल्या मंगळवारी फावडं घेऊनच आली. धरायचं कसं तेही ठाऊक नाही. हसू आलं मला. किती महिन्यांनी आलं, देव जाणे."

मग दोघी खड्डे खणत गेल्या. बोलणं फारसं होत नसे.

"पाचव्या मंगळवारी फावड्याला बूट लागला," तोमासाबाई म्हणाली. "सेनोनला पुरलं ना, तेव्हा एका पायात बूट नव्हता. तोच. मी मातीत बसले ती उठेचना. पोरगी जवळ बसली. दोन वाजेपर्यंत बसली. एक शब्द नाही बोलली, हात पण नाही धरला, नुसती बसली. मग मीच म्हटलं, भूक लागलीय. तिने तिच्या डब्यातला भात काढला, आम्ही दोघींनी खाल्ला."

सोराइदाला त्या मंगळवारचा अहवाल तोंडपाठ होता. श्वासाचा व्यायाम, दहा मिनिटं. प्रतिसाद चांगला.

संध्याकाळी केंद्रात परतल्यावर तिने कपाटातून तोमासाबाईंची फाइल काढली आणि त्या नऊंच्या आधीचे, पहिल्या दोन भेटींचे अहवाल शोधले. दुसऱ्यात नाहिरने लिहिलं होतं : दार लावून घेतलं. मी अर्धा तास पायरीवर बसले. काय करावं कळलं नाही. त्याखाली अक्षर सोराइदाचं होतं. सात सूचना, क्रमांक घालून, आणि शेवटी : असं पुन्हा होता कामा नये.

दर ऑगस्टमध्ये पोन्सेच्या विद्यापीठात नव्या मार्गदर्शकांपुढे ती फळ्यावर तीन पायऱ्या काढत असे. पहिले काही महिने बोट धरायचं. मग बोट सोडून लक्ष ठेवायचं, विद्यार्थी कधी फुशारेल, कधी रडेल, ते सोसायचं. आणि शेवटी नुसतं बरोबर चालायचं. लोक ते वहीत उतरवून घेत. तिने बोटांवर नाहिरचे आठ महिने मोजले आणि फाइल मिटली.

गुरुवारी नाहिर नवा अहवाल घेऊन आली. सोराइदाने तो हातात घेतला, पण उघडला नाही.

"बूट सापडला त्या दिवशी तुला काय वाटलं?"

नाहिरचा चेहरा उतरला. दारावर कोण आहे ते पाहावं तसं तिने मागे पाहिलं.

"तुम्ही जाऊन आलात."

"हो. आणि त्याआधी मंगळवारी झाडाआड गाडी लावून तुझी वाट पाहिली. तू जात नसशील असं मला वाटलं होतं."

मग नाहिर हळू आवाजात म्हणाली, की एकदा खरं लिहिलं होतं. त्यानंतर तुम्हाला काय वाचायला आवडेल ते कळलं. तेच लिहीत गेले. माझे प्रशिक्षणाचे तास बुडाले असते, मिसी.

सोराइदाने ते नाकारलं नाही. खोटे कागद फाइलमध्ये राहू शकत नाहीत, ते नऊ आणि हा नवा, सगळे पुन्हा खरे लिहावे लागतील, विद्यापीठालाही कळवावं लागेल आणि त्या आठवड्यांचे तास कदाचित धरले जाणार नाहीत, हे तिने स्पष्ट सांगितलं. आपणही एक पत्र देणार आहोत, हेही सांगितलं. सुरुवातीचे ते दोन अहवाल, खालच्या आपल्या सूचनांसह, जोडून.

"त्यात तुम्ही काय लिहिणार?" नाहिरने विचारलं. आवाजात विश्वास नव्हता.

"की आठव्या महिन्यातही मी तुला पहिल्या महिन्यातच ठेवलं."

नाहिरने ते ऐकलं, पण चेहऱ्यावर काही आलं नाही. यात आणखी काय डाव आहे, याचा ती अंदाज घेत असावी. मग तिने वही उघडली, कोरं पान काढलं आणि पेन टेकवून, सवयीने, वर पाहिलं.

"सुरुवात कुठून करू? तिसऱ्या मंगळवारपासून, की बुटापासून?"

सोराइदाच्या ओठांवर उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं.

"ते तू ठरव."

पोरगी खुर्चीत मागे सरकून बसली आणि लिहायला लागली. टेबलाच्या या बाजूने ती अक्षरं उलटी दिसत होती. सोराइदाने मान वाकडी केली नाही.