पिंजाऱ्याच्या घरी कापूस नाही

मुश्ताक पिंजाऱ्याने भरलेल्या गाद्यांवर अर्धी ब्रह्मपुरी झोपते. त्याच्या बायकोची, जमीलाची गादी तेवढी पापडासारखी. घरात श्वास घेतला तरी नाकात कापूस जातो, म्हणून कॅनरी पक्ष्यांच्या जोडीच्या पिंजऱ्यावर मात्र त्याने बारीक जाळीचा कपडा शिवून चढवला होता. जीव लावावा तर असा!

पण फेब्रुवारीत दिवस मोठे झाले आणि जोडीचं बिनसलं. नर गळा फुगवून गायचा आणि मादी त्याचीच पिसं उपटायची. बिचाऱ्याची पाठ एका बाजूने बोडकी झाली.

"हे मादी मारून टाकन त्याले," मुश्ताक म्हणाला. "अल्ताफ येऊन राह्यला मुलचेऱ्याहून. त्याले देऊन टाकतो."

 मुलगा बिलाल नागपूरला गेल्यापासून जमीलाला बोलायला ही मादीच तर होती. नवऱ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती भाजी निवडायची सोडून पिंजऱ्यापुढे ठाण मांडून बसली.

भांडण म्हणावं, तर नर पळत का नव्हता? उलट तो मादीला चोचीने दाणे भरवत होता. तिने ते खाल्ले आणि लगेच त्याचं एक पीस उपटलं. पण टाकलं नाही. चोचीत धरून पिंजराभर फिरवलं, दाण्याच्या वाटीत ठेवलं आणि त्यावर छाती टेकून गोल गोल वळली. जमीला बघतच राहिली. बिलालच्या वेळी तिनेही सापडेल ती ओढणी फाडून दुपटी शिवली होती.

तेवढ्यात धाकटा दीर अल्ताफ भोकं पाडलेला खोका घेऊन दारात हजर. "भाभी, कुठी हाय माही चिमणी?"

"थांब जरासाक."

जमीलाने पिंजायच्या मशीनजवळचा चिमूटभर कापूस घेतला, तोडून त्याचे बारके पुंजके केले आणि कपडा वर करून गजांत खोचले. मादीने मान वाकडी केली, एक पुंजका ओढला आणि थेट वाटी गाठली. मग दुसरा. नराच्या पाठीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

मुश्ताक मशीन बंद करून आला. "घरटं बांधून राह्यली व्हय हे?"

"तं काय! पिंजाऱ्याच्या घरी राहून कापूस भेटत नाई, मंग नवऱ्याचेच केस उपटन ना!"

अल्ताफ खो खो हसला. मुश्ताकने गुपचूप जाळीचा कपडा काढून घेतला. "मादी इथीच राह्यते," तो भावाला म्हणाला. "पिल्लं झाले का एक नेजो."

जमीलाचे डोळे भरून आले. पण तवा तापलेला असताना पोळी भाजून न घेणारी बाई ती नव्हे.

"आता माह्या गादीचं बी पाहा," ती म्हणाली. "नाई तं मी बी उपटाले लागन."

मुश्ताकचा हात डोक्याकडे गेला. तिथे उपटण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.