पासपोर्ट माझ्याकडेच राहील

रविवारी विनयकाका प्रतीकला घेऊन आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरी आले. प्रतीक माझ्या आत्याचा मुलगा, मानेसरच्या कारखान्यात मशिनच्या देखभालीचं काम करतो. आठवड्याभरात तो आखातात निघणार होता, बाबा गेले होते त्याच कंपनीत. दोघांनाही नोकरी लावून दिली ती विनयकाकांनी. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे, बाबांच्याच खात्यात होते.

बाबांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं.

"याला चार गोष्टी सांग," काका म्हणाले. "हवामान, बँक, सिमकार्ड. श्रीरंगकडून तू सगळं ऐकलं असशील."

बाबांकडून ऐकलं होतं. निवृत्तीनंतर बाबा तिथे गोदामाचे हिशेब बघायला गेले. पोचल्या दिवशी कंपनीच्या माणसाने पासपोर्ट मागितला, बाबांनी दिला. महत्त्वाचा कागद ऑफिसच्या कपाटातच सुरक्षित राहतो, हे त्यांनी आयुष्यभर मानलं होतं. छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनी घरी जाण्यासाठी अर्ज केला, सुपरवायझरमार्फत. मी फोनवर म्हणाले, तडक दूतावासात जा. "अगं, अर्ज वर गेलाय," ते म्हणाले. "त्यांना डावलून जाणं बरं दिसत नाही."

उत्तर येण्याआधी बाबा गेले. पासपोर्ट त्यांच्यासोबत परत आला, कोपरा कापून रद्द केलेला.

"प्रतीक, पासपोर्ट आणलायस?" मी विचारलं. त्याने खिशातून काढून दाखवला.

"मी कंपनीचा माणूस. तू विमानतळावरून नुकताच आलायस." मी हात पुढे केला. "लाओ भाई, पासपोर्ट जमा करो."

त्याने हसत दिला. मी तो कपाटाच्या खणात टाकून कुलूप लावलं.

"आता तुझी आई आजारी पडलीय. ये परत."

"ताई, यार, नाटक पुरे."

"बाबांच्या छातीत दुखत होतं तेव्हा सुपरवायझर हेच म्हणाला होता."

प्रतीकचं हसू गेलं. काका कपबशी खाली ठेवत म्हणाले, "केतकी, तिथली पद्धतच आहे ती. सगळ्यांचेच ठेवून घेतात."

"तिथल्या कायद्यात बसत नाही. मी वाचलंय."

"वाचणं वेगळं. श्रीरंगने कधी तक्रार केली का?"

"नाही केली. म्हणून तर तुम्ही इथे बसून चहा पिताय."

"केतकी," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. एवढंच म्हणाली.

मी खण उघडला, पासपोर्ट प्रतीकला परत दिला आणि पुन्हा हात पुढे केला. या वेळी आवाज खाली आणला. "सबका जमा है, बेटा. तुम पर शक थोड़ी है."

त्याचा हात आपोआप पुढे आला. मग तो स्वतःच ओशाळला. "मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, ताई?"

"काकांना म्हणून बघ. काका, तुम्ही मागा."

"मी कशाला?"

"पाठवताय तर तुम्हीच."

काकांनी आईकडे पाहिलं. शेवटी त्यांनी हात पुढे केला. लहानपणी जिन्यात आम्हाला गोळ्या वाटायचे त्याच आवाजात म्हणाले, "दे बाळा. मी सांभाळून ठेवतो."

प्रतीकने पासपोर्ट खिशात घातला आणि खिशावर हात ठेवला.

"कॉपी घ्या, काका. पासपोर्ट माझ्याकडेच राहील."

"मग नोकरीवर घेणार नाहीत," काका म्हणाले. हे नाटकातलं वाक्य नव्हतं.

"मग परत येईन. पासपोर्ट असेल ना खिशात."

मी त्याला दूतावासाचा नंबर तिथेच पाठ करायला लावला. मोबाइल हरवतो, हिसकावला जातो. तो नंबर पुटपुटत राहिला, एकदा चुकला, पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागला. काकांनी हात मागे घेतला. त्यांचा कप रिकामा होता. आणखी चहा हवा का, हे आईने विचारलं नाही.