मी आपोआप सुटले नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे. बत्तीस बोअरची. सध्या मी पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत, कापडात शिवलेली आणि लाखेचा शिक्का मारलेली, पडून आहे. माझ्याबद्दल एक खोटं सांगितलं गेलं. ते सांगणाऱ्या माणसावर माझा जीव होता, म्हणून ते जास्त लागलं.

माझा जन्म कानपूरच्या सरकारी कारखान्यात झाला. काडतुसावर आपटणारा माझा घोडा आणि काडतूस यांच्या मध्ये कारागिरांनी एक लहानशी पोलादी पट्टी बसवली. चाप पूर्ण दाबल्याशिवाय ती पट्टी बाजूला होत नाही. म्हणजे मी हातातून पडले, आपटले, तरी माझ्यातून गोळी सुटत नाही. माझी सगळी इभ्रत त्या पट्टीत आहे.

मला विकत घेतलं राजवर्धननं. तो मूळचा साताऱ्याकडचा. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर वाहून नेणारे त्याचे ट्रेलर होते आणि ऑफिस नवी मुंबईत महाप्याला होतं. एकदा पनवेलजवळ त्याची गाडी अडवून चोरट्यांनी त्याला मारहाण केली. त्यानंतर त्यानं परवाना काढला आणि मला ऑफिसात आणून ठेवलं.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. दर रविवारी तो माझी नळी साफ करी, तेलाचा हात फिरवी. मी एका कपाटात असे आणि काडतुसं दुसऱ्या कपाटात असत. दसऱ्याला तो माझी पूजा करी, झेंडूचं फूल वाही. ऑफिसात चांगुणाबाई नावाची बाई होती. जालन्याकडून आलेली, झाडलोट आणि चहापाणी बघणारी, साहेबांचं लहान मूल ऑफिसात आलं की त्याला खेळवणारी. मी साफसफाईसाठी बाहेर असले, की ती टेबल पुसताना माझ्याभोवतीची जागा तेवढी सोडून द्यायची.

"मी नाही बाई हात लावत त्याला," ती म्हणायची.

राजवर्धन हसायचा. "मावशी, मी असताना कशाला भिता?"

तिचा त्याच्यावर विश्वास होता. माझाही होता.

पुढे धंदा वाढला, तसा तो बदलला. ड्रायव्हरशी भांडण झालं की मला काढून टेबलावर ठेवू लागला. कपाटाला कुलूप लागेनासं झालं. काडतुसं माझ्या पोटातच राहू लागली. रविवार येत, पण तेलाचा हात फिरत नसे.

एका दुपारी त्याचा मित्र नंदकिशोर आला. त्याचाही ट्रान्सपोर्टचाच धंदा. राजवर्धननं चांगुणाबाईला चहा ठेवायला सांगितलं. ती आतल्या लहान खोलीत गेली. त्या खोलीच्या आणि साहेबांच्या केबिनच्या मध्ये विटांची भिंत नव्हती. नुसतं प्लायवूडचं पार्टिशन होतं.

नंदकिशोरनं मला हातात घेऊन तोललं. "बत्तीस म्हणजे खेळणं रे. नाइन एमएम बघ. एक गोळी लागली की माणूस जागेवर आडवा. हिच्यात स्टॉपिंग पॉवरच नाय."

"नाइन एमएमचं लायसन आपल्याला कोण देणार?"

"तेच सांगतोय. ही गोळी या प्लायमध्येच अडकेल."

"अडकेल? पैज लाव."

"चल, दाखव."

राजवर्धननं मला उचललं. मित्रांनो, मला वाटलं, तो गंमत करतोय. पार्टिशनवर कॅलेंडर होतं. त्यानं नेम धरला आणि चाप दाबला. मला नाही म्हणता येत नाही.

गोळी अडकली नाही. प्लायवूडच्या दोन्ही फळ्या भेदून ती पलीकडे गेली. पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग दार उघडलं आणि चांगुणाबाई दारात आली. उजव्या खांद्यातून रक्त वाहत होतं. ती आडवी झाली नाही. उभीच होती. तिला काय लागलंय, हेही तिला कळलं नव्हतं.

"काय झालं ओ साहेब?" तिनं विचारलं. मग तिनं खांद्याकडं पाहिलं आणि ती खुर्चीत बसली.

नंदकिशोर मागच्या मागे निघून गेला. राजवर्धननं तिच्या खांद्यावर टॉवेल दाबला आणि गाडीची चावी हातात घेतली. मला बरं वाटलं. पण तो दाराकडे वळला नाही. तिच्यासमोर खाली बसला.

"मावशी, तुम्ही मला आईसारख्या. पोलिसांना सांगायचं, बंदूक टेबलावरून पडली आणि आपोआप सुटली."

"आधी दवाखान्यात न्या मला."

"नेतो ना. आधी सांगा, काय सांगाल?"

चावी त्याच्या हातातच होती. टॉवेल लाल होत होता. चांगुणाबाईनं चावीकडे पाहिलं.

"पडली," ती म्हणाली. "पडली अन् सुटली. चला आता."

मग तो उठला.

दवाखान्यानं कळवल्यावर पोलीस आले आणि त्यांनी मला सील केलं. राजवर्धननं त्यांच्यासमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "बंदूकच खराब होती साहेब." ज्यानं मला झेंडूचं फूल वाहिलं, त्याचं हे बोलणं.

तपासणीसाठी मला प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या शर्मिला मॅडमनी दारू आणि गोळी काढलेली काडतुसं माझ्यात भरली आणि मला टेबलाच्या उंचीवरून पुन्हा पुन्हा फरशीवर टाकलं. मला पोचे आले, मूठ चिरली, पण घोडा काडतुसाला एकदाही लागला नाही. माझी पट्टी तिच्या जागी राहिली.

"हिचं काही बिघडलेलं नाही," मॅडम मदतनिसाला म्हणाल्या. "हिच्यावर ढकललंय कुणीतरी."

खटला उभा राहिला, तेव्हा मला कोर्टात टेबलावर ठेवलं होतं. चांगुणाबाई मुलीला, क्रांतीला, धरून आली. राजवर्धनच्या वकिलानं तिला विचारलं, "पोलिसांना तुम्ही सांगितलंत की बंदूक पडली. आज म्हणता, साहेबांनी चालवली. खरं कोणतं?"

"आजचं."

"मग तेव्हा खोटं कामून बोललात? तुमच्याच भाषेत विचारतो."

"रक्त जात होतं. व्हय म्हनल्याबिगर त्यांनी गाडी काढली नसती." तिनं राजवर्धनकडे पाहिलं. "मी त्यांच्या लेकराला अंगाखांद्यावर खेळवलंय. मला वाटलं, ते न विचारता नेतील."

राजवर्धननं मान वर केली नाही. जबाबाखाली सही करायला तिनं पेन डाव्या हातात घेतलं. उजवा वर जातच नव्हता. क्रांतीनं कागद धरला आणि तिनं एक एक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं.

राजवर्धनला शिक्षा झाली, परवाना गेला. आता मला वितळवण्याचा हुकूम निघेल, असं इथले हवालदार बोलतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर मोठ्यांना सांगा, तिला कुलपात ठेवा, आणि ती किती जोरात मारते हे बघण्यासाठी कधीही हातात घेऊ नका. भिंतीपलीकडे कुणीतरी तुमच्यासाठी चहा करत असतं.