कुंकवापुरती जागा

“त्याला आदी भायेर काढ,” माई म्हणाली आणि तिने पदर डोक्यावर घट्ट धरला.

वॉर्डातला न्हावी वस्तरा घेऊन खाटेशी अवघडून उभा होता. सकाळी माईच्या मेंदूतली गाठ काढायची होती. गाठीने तिची नजर जात चालली होती. शिरगावच्या आमच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या सोडून ती पानं खुडायला लागली, तेव्हा कुठे आम्ही तिला मुंबईला आणलं. आणि इथे येऊन ही बाई केसांवर अडून बसलेली. मला असा संताप आला म्हणून सांगू.

“माई, जीव मोठा का केस?”

“नवरा जिता असताना बाईचं डोकं भादरतात का गो, मंदे?”

बाबा पायथ्याशी बसले होते.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. अख्खा वॉर्ड त्यांना टरकून असायचा. मी चाचरत सगळं सांगितलं. ते स्टूल ओढून माईजवळ बसले.

“आजी, केस परत येतील.”

“आन ह्ये?” तिने कपाळावर बोट ठेवलं.

“ते पुसावं लागेल. खोटं नाही सांगत. पण परत लावायला जागा ठेवीन.”

माई त्यांच्याकडे बघत राहिली. मग उशीखालचा कुंकवाचा करंडा काढून तिने बाबांच्या खिशात घातला. “सांभाला,” म्हणाली आणि पदर खाली घेतला. वेणीत गावाहून माळून आणलेला गजरा सुकून गेला होता.

दुसऱ्या दिवशी बाबा खिशावर हात ठेवून बाकावर बसून होते. चहासुद्धा घेतला नाही. दुपार कलल्यावर डॉक्टर स्वतः बाहेर आले.

“गाठ निघाली. नजर किती राहील ते आत्ता सांगता येणार नाही.”

आत गेलो. बाकी पेशंटांची बँडेजं पार भुवयांपर्यंत उतरलेली. माईचं मात्र कपाळाच्या मध्यावर वर दुमडलं होतं. रुपयाएवढी कातडी मोकळी. त्या माणसाने शब्द पाळला होता. मला रडूच फुटलं.

बाबांनी करंडा उघडला. लावता लावता कुंकू नाकावर सांडलं.

“सरल लावा वो,” डोळे मिटूनच माई पुटपुटली.

पुढे माई एका डोळ्यावर वाडी सांभाळत राहिली. केस आले, तेही पांढरे. आणि एका पावसाळ्यात बाबा गेले.

त्यांना बाहेर नेलं तशा बायका माईभोवती जमल्या. रीतीप्रमाणे चुलती कमळीकाकू पुढे झाली, कपाळ पुसायला. माईने तिचं मनगट धरलं.

“ऱ्हऊ दे, कमळे. ती जागा डॉक्टरनी राकलेली हाय. आन लावलेलं यांनी.”

काकूने हात मागे घेतला आणि माईचा खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला.